महाराष्ट्र विधिमंडळातील विधेयक प्रक्रिया

विधेयक म्हणजे कायद्याचा प्रस्तावित मसुदा. महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेल्या विधेयकास राज्यपालांची, किंवा आवश्यक तेथे राष्ट्रपतींची, संमती मिळाल्यावर त्याचे अधिनियमात रूपांतर होते. या प्रक्रियेची चौकट भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९६ ते २०१ मध्ये आहे. कामकाजाचे तपशील महाराष्ट्र विधानसभा नियम आणि महाराष्ट्र विधानपरिषद नियम यांत दिलेले आहेत. सभागृहाची मंजुरी हा या प्रक्रियेतील एक टप्पा असून, मंजुरीनंतरही विधेयक कायदा न बनल्याची उदाहरणे राज्यात आहेत.

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यासह मराठवाड्यात या प्रक्रियेला एक वेगळा पैलू आहे. हा प्रदेश पूर्वी हैदराबाद राज्यात असल्याने तेथील जमिनीविषयीचे काही कायदे मूळ हैदराबाद राज्याचे आहेत. त्यांत बदल करण्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळात स्वतंत्र सुधारणा विधेयके किंवा तरतुदी आणाव्या लागतात.

विधिमंडळाची रचना

महाराष्ट्राचे विधिमंडळ द्विसदनी आहे. विधानसभेत २८८ व विधानपरिषदेत ७८ सदस्य असतात. विधानसभेच्या पीठासीन अधिकाऱ्यास अध्यक्ष, तर विधानपरिषदेच्या पीठासीन अधिकाऱ्यास सभापती म्हणतात. अर्थसंकल्पीय व पावसाळी अधिवेशन सर्वसाधारणपणे मुंबईत आणि हिवाळी अधिवेशन नागपूर येथे भरते. नागपूरच्या अधिवेशनाचे मूळ १९५३ च्या नागपूर करारात आहे.

धाराशिव जिल्ह्यात उमरगा, तुळजापूर, धाराशिव व परंडा असे चार विधानसभा मतदारसंघ असून उमरगा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. विधानपरिषदेसाठी स्थानिक प्राधिकारी संस्थांच्या मतदारसंघात धाराशिव, लातूर व बीड हे जिल्हे एकत्र येतात. पदवीधर व शिक्षक मतदारसंघांत हा जिल्हा छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) विभागाचा भाग आहे.

विधेयकांचे प्रकार

मंत्र्याने मांडलेल्या विधेयकास शासकीय विधेयक, तर मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या विधेयकास अशासकीय विधेयक म्हणतात. अशासकीय विधेयके क्वचितच संमत होतात. तथापि, एखादा प्रश्न सभागृहाच्या नोंदीवर आणून शासनाला भूमिका मांडण्यास भाग पाडणे, हा त्यांचा प्रमुख उपयोग असतो.

आशयानुसार विधेयकांचे सर्वसाधारण विधेयक व धन विधेयक असे प्रकार पडतात. धन विधेयक केवळ विधानसभेतच आणि राज्यपालांच्या शिफारशीनेच मांडता येते. विधानपरिषदेने त्यावर १४ दिवसांत आपल्या शिफारशी द्यावयाच्या असतात. त्या स्वीकारणे विधानसभेवर बंधनकारक नसते. अर्थसंकल्पाला कायद्याचे रूप देणारे विनियोजन विधेयक याच प्रकारात येते.

ज्या सभागृहात विधेयक प्रथम मांडले जाते, त्यानुसार त्याला विधानसभा विधेयक किंवा विधानपरिषद विधेयक असा क्रमांक मिळतो. ही क्रमवारी दरवर्षी नव्याने सुरू होते.

टप्पे

१. मसुदा: संबंधित प्रशासकीय विभाग प्रस्ताव तयार करतो. मंत्रिमंडळाच्या मान्यतेनंतर विधि व न्याय विभाग त्याला कायद्याच्या भाषेत बसवतो. विधेयकासोबत उद्देश व कारणे यांचे निवेदन जोडलेले असते. खर्चाचा संबंध असल्यास वित्तीय ज्ञापन आणि नियम करण्याचे अधिकार शासनाला दिले जात असल्यास तसे ज्ञापनही जोडावे लागते.

२. पुरःस्थापना: प्रभारी मंत्री किंवा सदस्य विधेयक सभागृहात मांडतो. या वेळी सहसा चर्चा होत नाही. विधेयक राजपत्रात प्रसिद्ध होते आणि त्याचा अधिकृत मसुदा सर्वांसाठी उपलब्ध होतो.

३. पहिले वाचन: विधेयक विचारात घ्यावे, या प्रस्तावावर त्यामागील तत्त्वांची चर्चा होते. विधेयक प्रवर समितीकडे किंवा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठविण्याची मागणी याच टप्प्यावर केली जाते.

४. दुसरे वाचन: विधेयकाचा खंडशः विचार होतो. सदस्यांनी सुचविलेल्या दुरुस्त्यांवर मत घेतले जाते. विधेयकातील तरतुदींना खंड म्हणतात. अधिनियम झाल्यावर त्यांनाच कलम म्हटले जाते.

५. तिसरे वाचन: विधेयक संमत करावे, या प्रस्तावावर आवाजी मतदानाने किंवा मागणी झाल्यास मतविभागणीने निर्णय होतो.

६. दुसरे सभागृह: तेथेही हेच टप्पे पुन्हा पार पाडले जातात.

७. संमती, प्रसिद्धी व अंमल: संमतीनंतर अधिनियम राजपत्रात प्रसिद्ध होतो. तो लगेच किंवा शासन अधिसूचनेद्वारे ठरवील त्या दिनांकापासून अंमलात येतो.

दोन सभागृहांतील मतभेद

संसदेत दोन सभागृहांत मतभेद झाल्यास संयुक्त बैठक बोलावता येते. राज्य विधिमंडळासाठी संविधानात अशी तरतूद नाही. विधानसभेने संमत केलेले सर्वसाधारण विधेयक विधानपरिषदेने फेटाळले, तीन महिन्यांत संमत केले नाही किंवा विधानसभेस अमान्य असलेल्या दुरुस्त्यांसह संमत केले, तर विधानसभा ते पुन्हा संमत करू शकते. त्यानंतर विधानपरिषदेस एक महिन्याची मुदत मिळते. ती उलटल्यावर किंवा पुन्हा असहमती झाल्यास विधेयक विधानसभेने संमत केलेल्या स्वरूपात दोन्ही सभागृहांनी संमत केले, असे मानले जाते. विधानपरिषदेत प्रथम मांडलेले विधेयक विधानसभेने फेटाळल्यास मात्र ते तेथेच संपते. विधानपरिषद त्यामुळे विधेयक लांबवू शकते. विधानसभेची इच्छा कायम असल्यास ते रोखू शकत नाही.

विधेयक व्यपगत होणे

अधिवेशनाची सत्रसमाप्ती झाल्याने प्रलंबित विधेयक संपत नाही. विधानसभा विसर्जित झाल्यास मात्र विधानसभेत प्रलंबित असलेली, तसेच विधानसभेने संमत करून विधानपरिषदेत प्रलंबित असलेली विधेयके व्यपगत होतात. केवळ विधानपरिषदेत मांडलेली आणि विधानसभेने अद्याप संमत न केलेली विधेयके टिकून राहतात.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक हे याचे अलीकडचे उदाहरण होय. जुलै २०२४ मध्ये मांडलेले हे विधेयक त्या विधानसभेच्या कार्यकाळात संमत झाले नाही. नव्या विधानसभेत डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा मांडून संयुक्त समितीकडे पाठविण्यात आले. समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते संमत केले.

राज्यपाल व राष्ट्रपती यांची संमती

अनुच्छेद २०० नुसार राज्यपाल विधेयकास संमती देऊ शकतात, धन विधेयक नसल्यास ते फेरविचारासाठी परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवू शकतात. परत आलेले विधेयक विधिमंडळाने पुन्हा संमत केल्यास राज्यपालांना संमती रोखता येत नाही. समवर्ती सूचीतील विषयावर राज्याचा कायदा केंद्रीय कायद्याशी विसंगत असल्यास, राज्यात तो टिकण्यासाठी अनुच्छेद २५४ अन्वये राष्ट्रपतींची संमती आवश्यक असते.

संमतीसाठी संविधानात ठरावीक मुदत दिलेली नाही. २० नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असे मत दिले, की न्यायालये राज्यपाल वा राष्ट्रपती यांच्यावर अशी मुदत लादू शकत नाहीत आणि संमती मिळाली असे गृहीतही धरता येत नाही. मात्र प्रदीर्घ व अकारण निष्क्रियतेच्या प्रसंगी न्यायालय मर्यादित निर्देश देऊ शकते, असेही त्यात म्हटले आहे.

महिला व बालकांवरील अत्याचारांसाठी कठोर शिक्षा सुचविणारे शक्ती विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडले गेले. संयुक्त समितीच्या विचारानंतर डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते संमत केले. परंतु राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते अंमलात आले नाही.

अध्यादेश

दोन्ही सभागृहांचे अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज असल्यास राज्यपाल अनुच्छेद २१३ नुसार अध्यादेश काढू शकतात. तो पुढील अधिवेशनात सभागृहांसमोर ठेवावा लागतो आणि सभागृहे पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांनी त्याचा अंमल संपतो. तो विषय कायम ठेवण्यासाठी त्याची जागा घेणारे विधेयक संमत करावे लागते.

उल्लेखनीय विधेयके

*रोजगार हमी:* ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीस मागणीनुसार अंगमेहनतीचे काम देण्याच्या योजनेची कल्पना विधानपरिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी मांडली. तिचा प्रयोग सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात झाला आणि १९७० च्या दशकाच्या आरंभीच्या दुष्काळात योजनेचा विस्तार झाला. १९७७ मध्ये विधिमंडळाने यासंबंधीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ते १९७८ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २० बनले आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आले. शासनाच्या निर्णयावर चालणारी योजना त्यामुळे नागरिकाचा कायदेशीर हक्क झाली. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात या फरकाला विशेष महत्त्व होते. पुढे २००५ मध्ये संसदेने केलेल्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

*जादूटोणाविरोधी विधेयक:* विधानसभेने डिसेंबर २००५ मध्ये संमत केलेले हे विधेयक विधानपरिषदेत अडकले आणि पुढे व्यपगत झाले. २०११ मध्ये ते नव्याने मांडण्यात आले. त्यासाठी दीर्घकाळ प्रयत्न करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर त्याच महिन्यात अध्यादेश काढण्यात आला. विधानसभेने १३ डिसेंबर व विधानपरिषदेने १८ डिसेंबर २०१३ रोजी विधेयक संमत केले.

*मराठा आरक्षण:* सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग म्हणून मराठा समाजास १६ टक्के आरक्षण देणारे विधेयक २९ नोव्हेंबर २०१८ रोजी एकाच दिवशी दोन्ही सभागृहांनी संमत केले. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे आरक्षण रद्द केले. २० फेब्रुवारी २०२४ रोजी एक दिवसाच्या विशेष अधिवेशनात १० टक्के आरक्षणाचे नवे विधेयक संमत झाले. एकमताने झालेला कायदाही न्यायालयीन छाननीपासून मुक्त नसतो, हे या घटनाक्रमातून दिसते.

धाराशिव जिल्हा आणि हैदराबाद राज्याचे कायदे

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या अंमलाखाली होता. १९५२ मध्ये हैदराबाद राज्याची निर्वाचित विधानसभा अस्तित्वात आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ११९ नुसार, सक्षम विधिमंडळ बदल करीपर्यंत जुने कायदे त्या त्या प्रदेशात चालू राहिले.

त्यानंतर काही विषयांत संपूर्ण राज्यासाठी एकच कायदा झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ने हैदराबाद जमीन महसूल अधिनियम, १३१७ फसली याची जागा घेतली. काही कायदे मात्र स्वतंत्र राहिले. त्यांपैकी हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० आणि हैदराबाद इनामे व रोख अनुदाने रद्द करण्याबाबतचा १९५४ चा अधिनियम हे दोन महत्त्वाचे आहेत.

कुळ कायद्याने मिळालेली जमीन विकण्यासाठी पूर्वपरवानगी लागत असे. २०१४ मध्ये अंमलात आलेल्या दुरुस्तीने, खरेदीला दहा वर्षे झालेली असल्यास, आकारणीच्या चाळीस पट नजराणा भरून अशा परवानगीविना विक्रीची मुभा मिळाली. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा व विदर्भ यांचे कुळ कायदे वेगळे असल्याने ही सवलत तिन्ही कायद्यांत स्वतंत्रपणे घालावी लागली.

निर्वाहासाठी दिलेल्या मदतमाश इनाम जमिनी आणि देवस्थानाच्या सेवेसाठीच्या खिदमतमाश जमिनी हा मराठवाड्यातील जुना प्रश्न आहे. मदतमाश जमिनींचे हस्तांतरण नियमित करण्यासाठीचा नजराणा बाजारमूल्याच्या ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्याची दुरुस्ती २०२४ मध्ये करण्यात आली. अशा एका खंडातील टक्केवारीवर मराठवाड्यातील अनेक कुटुंबांच्या घर वा शेताची कायदेशीर मालकी अवलंबून असते.

ठराव, अधिसूचना आणि विधेयक यांतील फरक

विधिमंडळाचा प्रत्येक निर्णय विधेयकाच्या रूपात नसतो. मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. सभागृहाचा ठराव आपोआप कायदा होत नाही. प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. या विद्यापीठाचे उपकेंद्र धाराशिव येथे आहे.

याउलट, जिल्ह्याचे नाव किंवा सीमा बदलण्यासाठी विधेयक लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४ नुसार शासन ते अधिसूचनेद्वारे करू शकते. ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव बदलून धाराशिव करणारी अधिसूचना निघाली. तिला दिलेली आव्हाने मुंबई उच्च न्यायालयाने ८ मे २०२४ रोजी फेटाळली.

नागरिकांचा सहभाग

विधेयक संयुक्त किंवा प्रवर समितीकडे गेल्यास समिती जनतेकडून सूचना मागवू शकते, तज्ज्ञांची मते ऐकू शकते आणि खंडांत बदल सुचवू शकते. विधेयक समितीकडे न जाता त्याच अधिवेशनात संमत झाल्यास ही संधी राहत नाही. अशा वेळी मतदारसंघातील सदस्यामार्फत दुरुस्ती सुचविणे हा मार्ग उरतो. अधिनियम झाल्यानंतर त्याखालील नियमांच्या मसुद्यावर, पूर्वप्रसिद्धीची अट असल्यास, ठरावीक मुदतीत हरकती नोंदविता येतात.

हे सुद्धा पहा

- महाराष्ट्र विधानसभा
- महाराष्ट्र विधानपरिषद
- धाराशिव जिल्हा
- महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६
- मराठवाडा मुक्तिसंग्राम
- रोजगार हमी योजना