कंपवात आणि जिभेची ओढ

आपल्या नीतिकारांनी माणसाचे सहा शत्रू सांगितले. त्यांत जिभेला स्वतंत्र आसन दिलेले नाही. पण घरोघरी माणसाला सर्वांत अधिक बोलणी खावी लागतात ती जिभेपायीच. गांधीजींनी तर आश्रमाच्या अकरा व्रतांत ‘अस्वादा’ला सत्य-अहिंसेच्या पंक्तीस बसविले. अशा संस्कारांत वाढलेल्या समाजाला एखादा वृद्ध गृहस्थ रात्री उठून साखरेचा डबा उघडताना दिसला, तर तो त्याच्या वृत्तीवर ठपका ठेवून मोकळा होतो. तो गृहस्थ कंपवाताचा रोगी असेल, तर मात्र हा ठपका ठेवण्यापूर्वी त्या रोगाचा आणि त्याच्या औषधाचा इतिहास थोडा चाळून पाहावा.

लंडनच्या हॉक्सटन भागात वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात रोगी अवघे सहा, आणि त्यांतलेही काही रस्त्यात दृष्टीस पडलेले. हातांचा कंप, पुढे वाकलेले शरीर आणि तोल सावरीत धावणारी पावले यांचे त्यांनी रेखाटलेले चित्र आजही खरे वाटते. इंद्रिये आणि बुद्धी या रोगात शाबूत राहतात, असेही त्यांनी नमूद केले. हा विकार हातापायांचा आहे, मनाशी त्याला कर्तव्य नाही, ही समजूत पुढे बराच काळ टिकून राहिली.

रोगाचे मूळ सापडण्यास एकशे चाळीस वर्षे लागली, आणि त्या शोधाचा एक धागा आपल्या देशातून गेला आहे. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या रक्तदाबावरील गुणाकडे जगाचे लक्ष वेधले. त्याच वनस्पतीतील रिसर्पीन हे द्रव्य स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी सशांना दिले, तेव्हा ते निश्चेष्ट झाले. लेव्होडोपा टोचताच पुन्हा हालू लागले. हे साल १९५७. मेंदूतील डोपामीन या द्रव्याशी हालचालींचा संबंध आहे, याची ती पहिली मोठी खूण होती. १९६० साली व्हिएन्नामध्ये मृत रोग्यांच्या मेंदूंची तपासणी झाली, तेव्हा डोपामिनाचा तुटवडा प्रत्यक्ष आढळला. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियस यांनी डोपा हे द्रव्य हळूहळू वाढत्या मात्रेने पोटात देऊन रोग्यांना हिंडतेफिरते केले. ज्या कुहिलीच्या शेंगेची खाज आपल्या रानावनांत सर्वांच्या परिचयाची आहे, तिच्या बियांतून हेच लेव्होडोपा मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच वेगळे काढले होते.

पण डोपामीन केवळ हातापायांचे चाकर नव्हते. १९५४ साली माँट्रियल येथे ओल्ड्स आणि मिलनर यांना असे आढळले होते, की मेंदूच्या विशिष्ट भागी विजेचा सौम्य झटका मिळावा म्हणून उंदीर कळ पुनःपुन्हा दाबीत राहतो. पुढील संशोधनाने या ओढीशी डोपामिनाचे नाते जोडले. त्यातून एक सूक्ष्म भेद हाती आला: एखादी वस्तू आवडणे निराळे, आणि ती हवीहवीशी वाटणे निराळे. डोपामीन मुख्यतः दुसऱ्याचा कारभार पाहते. ‘खाल्ल्याने समाधान होत नाही, पण हात थांबत नाही,’ या गाऱ्हाण्याचा उलगडा या भेदात आहे.

१९९७ साली अमेरिकेत प्रामिपेक्झोल आणि रोपिनिरोल या औषधांना मान्यता मिळाली. ती डोपामिनाची नक्कल करतात. हालचालींचा भाग कोरडा पडलेला असतो, पण ओढ निर्माण करणारा भाग बहुधा पुष्कळसा ओलाच असतो. सुकलेल्या वाफ्यासाठी पाट सोडावा आणि शेजारचा भिजलेला वाफा तुडुंब भरावा, तसा प्रकार येथे घडतो. मग कोणी जुगाराच्या नादी लागतो, कोणी भारंभार खरेदी करतो, कोणी खात सुटतो. २००६ साली न्यूयॉर्कच्या दोन डॉक्टरांनी या औषधांवर असताना अनावर खाऊन वजन वाढलेल्या सात रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. औषध कमी किंवा बंद केल्यावर ती ओढ ओसरली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका व कॅनडातील ३,०९० रोग्यांच्या पाहणीत अनावर खाण्याचा विकार शेकडा ४.३ जणांत आढळला. अशा सर्व अनावर प्रवृत्तींचे मिळून प्रमाण ही औषधे घेणाऱ्यांत शेकडा १७.१, तर न घेणाऱ्यांत ६.९ होते.

हे कळण्यास इतका विलंब का लागला? प्रशासनात आयुष्य घालविणाऱ्यास याचे एक उत्तर सहज सुचते. ज्या गोष्टीसाठी नमुन्यात रकाना नसतो, तिची नोंद होत नाही. डॉक्टर कंपाविषयी विचारीत, चालीविषयी विचारीत. साखरेच्या डब्याविषयी कोण विचारणार? आणि रोगी तरी लाजेपोटी आपण होऊन कसे सांगणार? शिवाय कंपवातात वजन सामान्यतः घटते, म्हणून चार घास अधिक जात आहेत याचे घरच्यांना सुरुवातीस कौतुकच वाटते.

प्रत्येक गोडाच्या इच्छेस औषधच कारण असते, असे मात्र नाही. या रोगात घ्राणशक्ती मंदावते आणि पुष्कळ पदार्थ बेचव वाटू लागतात. खिन्नताही गोडाकडे वळविते. म्हणून कारण शोधण्याचे काम डॉक्टरांचे. कुटुंबाने आठवडाभर काय, किती आणि केव्हा खाल्ले जाते ते टिपून ठेवावे, आणि ओढ औषध सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढल्यावर लागली काय, हे आवर्जून सांगावे. औषध आपल्या मनाने एकाएकी सोडणे धोक्याचे आहे. त्याने शरीर आखडते, तीव्र अस्वस्थता आणि नैराश्य येते. मात्रा उतरवायची ती डॉक्टरांनी, पायरीपायरीने. दरम्यान मिठाई घरात साठवू नये, जेवणे थोडीथोडी पण ठरल्या वेळी असावीत, फळे व भाज्या हाताशी ठेवाव्यात. मधुमेह असेल, तर दक्षता दुप्पट हवी. डाळ, दूध, मांस यांतील प्रथिने लेव्होडोपाच्या शोषणास अडथळा करू शकतात. तेव्हा त्याची वेळ जेवणापासून किती दूर ठेवावी, तेही विचारून घ्यावे.

अस्वादाचे व्रत थोर आहे. परंतु व्रत घेणारा मोकळा असावा लागतो. ज्याच्या इच्छेचा लगाम औषधाने खेचला आहे, त्यास संयमाचा उपदेश करणे न्यायाचे नव्हे. त्याला दवाखान्यात सोबत न्यावे, आणि जे बोलण्यास तो लाजतो ते त्याच्या संमतीने आपण बोलावे. निम्मा उपचार तेथेच सुरू होतो.