सन्मानपत्राची साक्ष : महायुद्धातील जर्मन कागदांची पारख

१/ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीड जिल्ह्यातील नांदूरघाट हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्याच हैदराबादचा आबिद हसन हा तरुण ८ फेब्रुवारी १९४३ रोजी जर्मनीच्या कील बंदरातून सुभाषचंद्र बोस यांच्यासह पाणबुडीने निघाला. ही तारीख बनावट कागद उघडे पाडू शकते. ते कसे?

२/ उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी युद्धकैद्यांतून जर्मनीत आझाद हिंद पथक उभे राहिले. जर्मन सैन्यात ते ९५० वी पायदळ रेजिमेंट म्हणून ओळखले जाई. बोस यांनी १९४२ मध्ये वीर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, शेर-ए-हिंद असे सन्मान सुरू केले. दुर्मीळ वस्तूला भाव येतो. भावापाठोपाठ नक्कल येते.

३/ पहिली कसोटी तारखेची. बोस यांनी मार्च १९४३ मध्ये बर्लिनला सही केली, असे सांगणारे सन्मानपत्र समोर आले, तर अक्षर कितीही हुबेहूब असो, ते टिकत नाही. बोस तेव्हा समुद्रात होते.

४/ दुसरी कसोटी पथकाची. ही रेजिमेंट वाफेन-एसएसच्या ताब्यात गेली ती ऑगस्ट १९४४ मध्ये. त्यामुळे १९४३ च्या कागदावर तिच्या नावासोबत एसएसचा शिक्का दिसला, तर संशय घ्यावाच लागतो.

५/ जर्मन सैनिकाच्या आयर्न क्रॉसच्या पत्रालाही हाच न्याय. द्वितीय श्रेणीचा क्रॉस देण्याचा अधिकार सामान्यतः डिव्हिजनच्या सेनापतीकडे असे. सही करणारा त्या दिवशी खरोखर त्या डिव्हिजनचा प्रमुख होता का, हा प्रश्न शाईच्या आधी विचारावा.

६/ मग कागद. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात चकाकी देणारी रसायने मिसळण्याची पद्धत साधारण १९५० नंतर रूढ झाली. अतिनील दिव्याखाली निळसर उजळणारा ‘१९४२ चा’ कागद म्हणूनच संशयास्पद ठरतो. भिंगाखाली सहीत रंगाचे बारीक ठिपके दिसले, तर ती सही छापलेली.

७/ मात्र उजळला नाही म्हणून कागद खरा ठरत नाही. युद्ध संपले तेव्हा कोरे छापील नमुने शिल्लक राहिले होते. त्यावर नंतर नाव टंकलिखित केले, तर कागद अस्सल, मजकूर मात्र बनावट!

८/ म्हणून दुसरा साक्षीदार हवा : सैनिकाची वेतनपुस्तिका. तिच्यात सन्मानाची नोंद होत असे. पोट्सडॅमचे लष्करी दप्तर एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाले. त्यामुळे अशा पुस्तिकांचे मोल अधिकच वाढते.

९/ तुलनेसाठी बीडच्या शेजारच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचे नामदेव जाधव घ्यावेत. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीवर जर्मनांशी लढताना त्यांनी गाजवलेल्या शौर्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची हकीकत ‘लंडन गॅझेट’मध्ये छापली गेली. घरातील कागद हरवला, तरी पुरावा उरतो.

१०/ बनावट सन्मानपत्राने केवळ संग्राहकाचे पैसे बुडत नाहीत. न घडलेले शौर्य इतिहासात शिरते आणि खऱ्या सैनिकाच्या कागदावरही अविश्वासाची छाया पडते. आजोबांच्या ट्रंकेत असा कागद सापडला, तर त्याला लॅमिनेशन करू नये, त्यावर काही लिहू नये आणि सोबतची पत्रे, छायाचित्रे, पदके वेगळी करू नयेत. एकट्या कागदाचे बोलणे तपासता येत नाही. सोबत्यांमध्येच त्याची साक्ष पटते.