कोकण रेल्वेचे पैसे नेमके कोणी भरले?

कोकण रेल्वेचा इतिहास आपल्याला साधारण दोन प्रकारे सांगितला जातो. पहिला प्रकार अभियांत्रिकीचा. ९२ बोगदे, दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, रत्नागिरीजवळ पानवळ नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल. दुसरा प्रकार थोर माणसांच्या स्वप्नाचा. बॅरिस्टर नाथ पै, प्रा. मधु दंडवते, जॉर्ज फर्नांडिस, ई. श्रीधरन. या दोन्हींना आमचा आक्षेप नाही. त्या माणसांचे श्रम खरे आहेत आणि बोगदेही खरे आहेत. पण या दोन्ही इतिहासांत एक प्रश्न कधी येत नाही. हा मार्ग बांधायला पैसा कुठून आला, तो कोणी फेडला आणि ज्यांनी फेडला त्यांच्या पदरात काय पडले?

हा प्रश्न आंबेडकरी चळवळीने विचारायचा आहे, कारण बाबासाहेबांनी अर्थशास्त्र शिकताना नेमका हाच प्रश्न हाती घेतला होता. १९२५ साली प्रसिद्ध झालेला ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ आपल्यातले फार थोडे लोक वाचतात. जयंतीला त्याचे नाव घेतो आणि पुढे जातो. १८३३ ते १९२१ या काळात केंद्र आणि प्रांत यांच्यात महसूल कसा वाटला गेला, तिजोरी कोणाची आणि खर्चाचा हुकूम कोणाचा, याची तपासणी त्यात आहे. तो चष्मा लावून कोकण रेल्वेकडे पाहिले की चित्र बदलते.

आधी थोडे मागे जाऊ. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर गेली, कारण देशावरचा कापूस बंदरात आणायचा होता. त्या रेल्वे विलायतेतल्या खाजगी कंपन्यांनी बांधल्या आणि त्यांच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी हिंदुस्थानच्या तिजोरीने दिली. तोटा झाला तर भरपाई इथल्या रयतेने करायची. कोकणात कापूस नव्हता. इथून मुंबईला जात होता तो माणूस. जुन्या रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्यांना सर्वाधिक मजूर पुरवले आणि आपल्या समाजाने पलटणीला सैनिक. माणूस वाहून न्यायला हमीचे व्याज कोण देणार? तो आगबोटीने गेला. मालवण, वेंगुर्ला, विजयदुर्ग ही बंदरे त्या काळात चाकरमान्यांची स्टेशनेच होती. आगबोटींची सेवा पुढे बंद पडली, एसटीचे घाट उरले. (गिरणीत पोचल्यावर विणकाम खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते, हे बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात जाहीरपणे मांडले. प्रवास सारखाच, मजुरी मात्र वेगळी.)

स्वातंत्र्यानंतरही हिशोब तोच राहिला. मार्ग फायद्यात जाईल का, हा नियोजनकर्त्यांचा पहिला सवाल. दिवा-पनवेल-आपटा असे तुकडे पडत पडत रूळ १९८६ मध्ये रोह्याला पोचले आणि थांबले. राजापूर मतदारसंघातून निवडून येणारे दंडवते १९७७ ते ७९ रेल्वेमंत्री होते, तरी सिंधुदुर्गात रूळ आले नाहीत. आम्ही हे त्यांच्यावर टीका म्हणून लिहीत नाही. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर गादी आली ती त्यांच्याच काळात, आणि त्या बाकावर कोण बसत होते हे सांगायला नको. मुद्दा इतकाच की सदिच्छा होती, पैसा नव्हता.

डिसेंबर १९८९ मध्ये व्ही. पी. सिंग यांचे सरकार आले. दंडवते अर्थमंत्री, फर्नांडिस रेल्वेमंत्री. १९ जुलै १९९० ला कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली आणि १५ सप्टेंबरला रोह्याला पायाभरणी. आता हे वर्ष आपल्या कॅलेंडरवर ठेवून बघा. त्याच वर्षी बाबासाहेबांना भारतरत्न. त्याच वर्षी, ७ ऑगस्टला, मंडल आयोगाची घोषणा. आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. १९५६ मध्ये धम्म स्वीकारलेल्या माणसाला केंद्र सरकारच्या नोकरीत अनुसूचित जातीची जागा मिळायला ३४ वर्षे लागली. म्हणजे सिंधुदुर्गातल्या बौद्ध पोराला रेल्वेची नोकरी बौद्ध म्हणून मागण्याचा हक्क आणि त्याच्या जिल्ह्यातली रेल्वे या दोन्ही गोष्टी एका सरकारने एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात दिल्या. कोकण रेल्वेच्या कुठल्याही गौरवग्रंथात या दोन तारखा शेजारी ठेवलेल्या आम्ही पाहिल्या नाहीत. आपल्या वक्त्यांच्या भाषणातही नाही.

आता पैसा. रेल्वे अर्थसंकल्पातून हा मार्ग बांधायचा तर पिढ्या गेल्या असत्या. म्हणून वेगळे महामंडळ काढले. भागभांडवलात भारतीय रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. हे भांडवल एकूण खर्चाच्या मानाने थोडे होते. उरलेला बहुतेक पैसा करमुक्त रोखे काढून बाजारातून उभा केला. बांधा, चालवा आणि वसुली झाल्यावर रेल्वेकडे सोपवा, अशी ही रचना. २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला तेव्हा खर्च साडेतीन हजार कोटींच्या घरात गेला होता आणि त्यात व्याजाचा वाटा मोठा होता.

रोखे कोणी घेतले? ज्यांच्याकडे गुंतवायला पैसा आणि वाचवायला कर होता त्यांनी. त्यांना व्याज मिळाले, तेही करमुक्त. हे व्याज कोणी भरले? इथे एक कारकुनी युक्ती आहे, ती नीट समजून घ्या. कोकण रेल्वेवर प्रवासी भाडे काढताना अंतर ४० टक्क्यांनी वाढवून धरले जाते. रूळ ३०० किलोमीटरचा असेल तर तिकीट ४२० किलोमीटरचे. तिकिटावर अधिभार असा शब्द छापलेला नसतो. फक्त किलोमीटर फुगतात. देशावर तेवढ्याच अंतराला जो प्रवासी जे भाडे देतो, त्याहून कोकणातला प्रवासी जास्त देतो. कारण काय, तर मार्ग कर्जाने बांधला आहे.

हे भाडे वातानुकूलित डब्यातलाही देतो, मान्य. पण शंभर रुपयांवरचे जादा चाळीस आणि दोन हजारांवरचे जादा आठशे यांचे ओझे टक्क्यांत सारखे असले तरी घरात सारखे नसते. ज्याच्या घरात महिन्याला येणारी रक्कमच मुंबईहून येते, त्याचे गावाला जाणे-येणे म्हणजे त्याचे कुटुंब जोडून ठेवण्याचा खर्च असतो. आणि तो मालवणचा असेल तर रेल्वे त्याच्या गावी जातच नाही. जिल्ह्यातली स्टेशने वैभववाडी, नांदगाव, कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ, झाराप, सावंतवाडी, मडुरे अशी सगळी आतल्या पट्ट्यात. किनारपट्टीचा माणूस कुडाळला उतरून पुन्हा एसटी किंवा रिक्षाचे पैसे मोजतो.

याच काळात मुंबईच्या अंगणात दुसरा प्रयोग झाला होता. मानखुर्द-वाशी मार्ग ९ मे १९९२ ला सुरू झाला. त्याचा ६७ टक्के खर्च सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने केला. सिडकोकडे पैसा होता कारण सिडकोकडे जमीन होती. रेल्वे आली की जमिनीची किंमत वाढते, आणि ती वाढ रेल्वेच्या खर्चासाठी वापरता येते. पुढे मेट्रोसाठी मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर इथे घरखरेदीच्या मुद्रांक शुल्कावर एक टक्का उपकर लावण्यामागेही हाच विचार आहे. तिकिटावर अधिभार तिथेही होता, म्हणून आम्ही सिडकोला डोक्यावर घेणार नाही. शिवाय ती जमीन आगरी-कोळी शेतकऱ्यांकडून कवडीमोलाने घेतली होती. १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली ते रस्त्यावर उतरले, पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. पण निदान एक तत्त्व तिथे मान्य झाले होते की ज्याच्या मालमत्तेला रेल्वेने भाव आणला त्याच्याकडून काही वसूल करा.

सिंधुदुर्गात उलटे झाले. स्टेशनांच्या आसपासच्या जमिनींना भाव आला, हॉटेले झाली, प्लॉट पडले. तो नफा जमीनवाल्याचा. खर्च तिकीटवाल्याचा.

आणि जमीनवाला कोण, हा आपला जुना प्रश्न. या मार्गासाठी सुमारे ४२ हजार जमीनधारकांची जमीन गेली असे सांगितले जाते. त्यांना १८९४ च्या भूसंपादन कायद्याने मोबदला मिळाला. तो पुरेसा होता असे आम्ही म्हणत नाही. कोकणात एका सातबारावर तीस-तीस नावे असतात, तेव्हा एकेकाच्या हाती काय आले असेल याची कल्पना येते. पण त्या कायद्याला फक्त जमिनीत हितसंबंध असलेला माणूस दिसत होता. जमिनीवर राबणारा दिसत नव्हता. कुडाळ-कणकवली पट्ट्यातल्या बौद्धवाड्यांत काम करताना आम्ही विचारतो, रेल्वेत तुमची किती जमीन गेली? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येते. होती कुठे, जायला?

ती का नव्हती, याचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. खोती कायद्याने गेली ती १९४९ नंतर, आणि तेव्हाही जमीन गेली कुळाकडे. ज्याच्या नावावर कूळ म्हणूनही नोंद नव्हती तो तसाच राहिला. महार वतनाच्या जमिनी १९५८ च्या कायद्याने रयतावा झाल्या, पण कब्जेहक्काची रक्कम भरून आणि नव्या शर्तीने. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. ज्यांनी रक्कम भरली नाही किंवा ज्यांना ती भरायची असते हेच कळले नाही, त्यांचे काय झाले ते गावोगावच्या फेरफार नोंदींत वाचता येते.

आता यातून नोकरीचा धागा ओढा. कोकण रेल्वेच्या भरतीत ज्यांची जमीन गेली त्यांना पहिले प्राधान्य दिले जाते. न्याय्यच आहे. पण ज्या समाजाची जमीन हजार वर्षांपूर्वीच गेली, त्याला या प्राधान्याच्या रांगेत जागा नाही. अनुसूचित जातींच्या राखीव जागा आहेत, त्यांतही जमीन गेलेला उमेदवार पुढे. म्हणजे १९९० च्या जूनमध्ये जो हक्क आपल्याला मिळाला, त्याच्या दाराशी जुलैमध्ये निघालेल्या महामंडळाने सातबाऱ्याचा पहारा बसवला. हेतुपुरस्सर केले असे आम्ही म्हणत नाही. नियम करताना समोर कोण होते आणि कोण नव्हते, इतकेच म्हणतो.

समोर असण्याने काय होते, याचा दाखला गोव्याने दिला. तिथे मार्गाच्या आखणीला विरोध झाला. खाजण जमिनी, पाण्याचे मार्ग, जुनी वस्ती यांचे नुकसान होईल असा आक्षेप होता. १९९२ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, तरी आंदोलन थांबले नाही. १९९३ मध्ये काम रोखून न्यायमूर्ती ओझा यांच्याकडे चौकशी सोपवावी लागली. शेवटी मूळ आखणी जवळपास कायम राहिली. पण केंद्राला थांबावे लागले. सिंधुदुर्गातल्या भूमिहीनाने काही म्हटले असते तर आधी विचारले गेले असते, तुमचा सातबारा दाखवा.

हे सगळे आज का काढायचे? दोन कारणे आहेत.

महामंडळाच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने संमती दिली. बाकीची तीन राज्ये आधीच तयार होती. महाराष्ट्राच्या अटी दोन. कोकण रेल्वे हे नाव राहावे आणि राज्याने भरलेले ३९६ कोटी रुपये परत मिळावेत. सरकारला आपले पैसे आठवले, चांगली गोष्ट. मग पंचवीसहून अधिक वर्षे फुगवलेल्या किलोमीटरांचे पैसे ज्यांनी भरले त्यांचे नाव या पत्रव्यवहारात कुठे आहे? ते पैसे परत द्या असे आम्ही म्हणत नाही, ते शक्यही नाही. पण विलीनीकरणानंतर ४० टक्क्यांची वाढ पहिल्या दिवसापासून रद्द होईल, ही तिसरी अट घालता आली असती. प्रवासी संघटना ही मागणी करत आहेत. त्यांच्या निवेदनांवर आपल्या संघटनांच्या सह्या किती आहेत?

दुसरे कारण वैभववाडी-कोल्हापूर. १०७ किलोमीटरचा हा मार्ग २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला आणि अजून कागदावर आहे. तो होईल तेव्हा भूसंपादन जुन्या कायद्याने होणार नाही. २०१३ च्या कायद्यात बाधित कुटुंबाची व्याख्या बदलली आहे. संपादनाच्या आधी तीन वर्षे त्या भागात राबणारा शेतमजूर, कूळ, कारागीर, ज्याची मुख्य उपजीविका त्या जमिनीवर आहे, तो जमीन नावावर नसतानाही बाधित ठरतो. अनुसूचित जातींसाठी त्यात वेगळी तरतूद आहे. रेल्वेच्या कायद्याखालच्या संपादनालाही मोबदला आणि पुनर्वसनाच्या या तरतुदी २०१५ च्या केंद्रीय आदेशाने लागू झाल्या. म्हणजे १९९० मध्ये जो माणूस कायद्याला दिसत नव्हता, तो आता दिसू शकतो. अट एकच. तो तीन वर्षे तिथे राबत होता याचा कागद हवा.

हा कागद संपादनाची नोटीस आल्यावर तयार होत नाही. रोजगार हमीचे जॉबकार्ड, ग्रामपंचायतीची घरपट्टी, रेशनकार्ड, मतदार यादीतले नाव, ग्रामसभेच्या ठरावात भूमिहीन म्हणून झालेली नोंद, हे आत्ताच गोळा करायचे असते. वैभववाडी तालुक्यातल्या वाड्यांची यादी आम्ही सुरू केली आहे. घरटी एक पान, त्यावर कुटुंबातली माणसे, कोणाच्या जमिनीवर काम करतात, किती वर्षे, आणि हाताशी कोणते पुरावे आहेत. पावसाळ्याआधी निम्म्या वाड्या व्हाव्यात असा प्रयत्न आहे. ज्यांना सातबारा आणि फेरफार वाचता येतो असे पाच-सहा तरुण रविवारी मोकळे असतील, तर काम लवकर उरकेल.