विझलेल्या ज्वालामुखीवरची शेती

जावा बेटावर जिवंत ज्वालामुखीच्या उतारावर कॉफी पिकते. तिथल्या शेतकऱ्याला राखेची धास्ती असते. आम्हा यवतमाळकरांची काळी मातीही ज्वालामुखीचीच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, त्याचा दगड झाला आणि दगड झिजून माती झाली.

बाबा बुदन यांनी येमेनमधून आणली असे सांगितले जाते, ती कॉफी विदर्भात रुजली ती उंचावरच्या चिखलदऱ्यात. तिला पाण्याचा निचरा होणारा उतार लागतो. ओल धरून ठेवणाऱ्या आमच्या मातीने कापूस पत्करला. पावसाळ्याच्या तोंडाशी पेरणी, मग निंदण, डवरणी. दिवाळीच्या सुमारास वेचणी. बाया कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकलेल्या. पऱ्हाटी चुलीत जाते, सरकी ढोरांना आणि रुई आमच्या पिंजारी भावांच्या धुनकीवरून गादीत.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. पेरणारा इथला आणि भाव ठरवणारा दूरचा, हे तेव्हाच कळून चुकले.

१९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. अमर हबीब यांच्या किसानपुत्र आंदोलनाने २०१७ पासून त्या दिवशी अन्नत्यागाची हाक दिली. एक दिवसाचा उपवास आपल्याला जड नाही. तो कोणासाठी, एवढे मुलांना सांगावे.