अडलेल्या घासाचा इतिहास

हिंडनकाठच्या या गाझियाबादेत बदलून आलेल्या आम्हां मराठी मंडळींपैकी एका सहकाऱ्याच्या वडिलांस गेल्या वर्षी भाकरीचा घास उतरेना. ‘उत्तरेकडचे पाणी मानवत नाही’ असे म्हणत आम्ही सर्वांनीच तीन महिने दवडले. आधी भाकरी अडली, मग भात, शेवटी पेज. अन्ननलिकेच्या कर्करोगाचा हा क्रम वैद्यकास फार पूर्वीपासून ठाऊक होता. आम्हांस मात्र नव्हता.

जेथे दृष्टी पोहोचत नाही तेथील रोग ओळखावा कसा? १८६८ साली जर्मनीत कुसमाउल नावाच्या वैद्याने, तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एकाच्या घशातून सरळ नळी खाली उतरविली. वैद्यकाने डोंबाऱ्याच्या कसबाचे ऋण घेतले ते असे! वळणारी काचतंतूंची दुर्बीण हिर्शोविट्झ यांनी १९५७ साली साधली. पुढे तिच्याच वाटेने संशयित जागेचा तुकडा काढता येऊ लागला.

उपचार त्याहून बिकट. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात बिलरोथ यांनी जठराचा रोगग्रस्त भाग यशस्वीपणे काढला. रोगी बाई सुमारे चार महिने जगली. अन्ननलिका तर हृदय व फुप्फुसे यांच्या सान्निध्यातली. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये टोरेक यांनी ती छेदून काढली आणि मान व जठर यांस शरीराबाहेरून रबरी नळीने जोडले. त्या नळीवर ती वृद्धा तेरा वर्षे जेवली.

आपल्याकडे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी उभारली. तंबाखू, आहार, चालीरीती यांचा कर्करोगाशी असलेला संबंध शोधण्यात त्यांनी आयुष्य वेचले. शस्त्रक्रियेची बाजू गोव्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांनी सांभाळली. परळच्या ज्या रस्त्यावर त्यांचे नाव आहे, तेथून आपल्यापैकी कित्येक जण पाटी न वाचताच गेले असतील!

जठरातील एका जंतूचा शोध १९८२ साली ऑस्ट्रेलियात लागला, आणि १९९४ साली तो जठराच्या कर्करोगाचे एक कारण ठरला.

आमच्या सहकाऱ्याच्या वडिलांवर दिल्लीत आधी औषधे व किरणोपचार झाले, मग शस्त्रक्रिया. जठराचीच नळी करून वर छातीत ओढून घेतली. हल्ली ते दिवसातून सहा वेळा थोडे थोडे जेवतात आणि रात्री उंच उशीवर निजतात. भाकरी मात्र दुधात कुस्करूनच.