आर्पानेटवरील १९८० चा बिघाड

अमेरिकेतील आर्पानेट या संगणक-जालात १९७९ पासून प्रत्येक केंद्र साऱ्या जालाची नोंद स्वतःजवळ ठेवू लागले. कोठे बदल झाला की त्याची वार्ता केंद्राकेंद्रांतून पसरे. वार्तेवर ० ते ६३ पैकी एक अनुक्रमांक असे व नव्या अंकाचीच वार्ता स्वीकारली जाई. ६३ नंतर पुन्हा ० येई, म्हणून अंतर ३२ हून अधिक असल्यास लहान अंकच नवा मानीत.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी हे जाल कित्येक तास निरुपयोगी झाले. केंद्रांच्या स्मृतीतील नोंदी उतरवून पाहिल्या, तो ५० क्रमांकाच्या केंद्राच्या नावे ८, ४०, ४४ हेच अंक फिरून फिरून आलेले! द्विमान पद्धतीत ४४ म्हणजे १०११००. त्यातील एक १ गळाला की ४०, आणखी एक गळाला की ८. यंत्रदोषाची खूण येथेच पटली. शिवाय ८ हून ४०, ४० हून ४४ आणि ४४ हून पुन्हा ८ नवा ठरे. त्यामुळे तिन्ही वार्ता अखंड फिरत राहिल्या, आणि वार्तांस अग्रक्रम असल्याने केंद्रांस अन्य कामास सवडच उरली नाही. जी व्यवस्था बदल कळविण्यासाठी योजिली, तीच घातक ठरली. मात्र दोषाचा मागही तिच्याच नोंदींत सापडला. ५० क्रमांकाच्या वार्ता दुर्लक्षिण्याची आज्ञा केंद्रांच्या आज्ञावलीत घातल्यावर जाल पूर्वपदावर आले.