किल्ली कोणाच्या हाती? आयात शस्त्रसामग्रीतील चोरदरवाजे

किल्ल्याच्या बांधणीत चोरदरवाजा ही जुनी आणि उपयुक्त सोय होय. वेढा पडला की निसटून जाण्यासाठी किंवा रसद आत आणण्यासाठी तो राखलेला असे. त्याची जागा गडाच्या धन्याला ठाऊक असे, शत्रूला नसे. आजच्या संगणकीय शस्त्रसामग्रीतील चोरदरवाजाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तो बनवणाऱ्याला ठाऊक असतो. पैसे मोजून सामग्री विकत घेणारा धनी मात्र अंधारात राहतो. रडार, ड्रोन, संदेशवहन यंत्रे, क्षेपणास्त्र नियंत्रण अशा प्रत्येक प्रणालीत आता सॉफ्टवेअर असते. त्यात ठेवलेल्या गुप्त प्रवेशमार्गाने माहिती बाहेर नेता येते, चुकीची माहिती आत सोडता येते किंवा ऐन वेळी यंत्र निकामी करता येते.

असीरगडाचे दोन धडे

हा धोका संगणकाइतका नवा नाही. मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर, सातपुड्याच्या रांगेत असीरगड उभा आहे. उत्तरेकडून दख्खनेत उतरणारी वाट याच्या नजरेखालून जात असल्याने त्याला दख्खनचे दार म्हटले गेले. खानदेशच्या फारुकी घराण्यातील नासिर खानाने पंधराव्या शतकाच्या आरंभी हा गड आसा अहिराकडून घेतला. त्याची हकीकत फिरिश्ता या इतिहासकाराने सुमारे दोनशे वर्षांनंतर नोंदवली आहे. शत्रूंचे भय असल्याचे सांगून नासिर खानाने आपल्या कुटुंबकबिल्यासाठी गडावर आश्रय मागितला. आसाने तो दिला. आधी स्त्रियांच्या डोल्या वर गेल्या आणि विश्वास बसला. त्यानंतर आलेल्या दोनशे डोल्यांतून मात्र सशस्त्र शिपाई उतरले. स्वागतास सामोरे आलेले आसा आणि त्याचे पुत्र मारले गेले. तटाला खिंडार पडले नाही. धोका दारातून, यजमानाच्या संमतीने आत आला.

दुसरा धडा मराठ्यांच्या इतिहासातला आहे. महादजी शिंद्यांनी द बॉयन या सेनानीकडून युरोपीय धर्तीची कवायती पलटणे उभी करून घेतली. त्यांच्या बळावर शिंद्यांची सत्ता दिल्लीपर्यंत पोहोचली. तोफा, बंदुका आणि शिपाई शिंद्यांचे होते. हुकूम देणारे वरिष्ठ अधिकारी मात्र बहुतांशी परकीय होते. १८०३ मध्ये दौलतराव शिंद्यांचे इंग्रजांशी युद्ध जुंपले, तेव्हा गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी शिंद्यांकडील ब्रिटिश अधिकाऱ्यांना चाकरी सोडण्याचे जाहीर आवाहन केले. ४ सप्टेंबरला अलीगडच्या किल्ल्यावर हल्ला झाला, त्या वेळी हल्लेखोरांना दरवाजाची वाट दाखवणारा ल्यूकन हा नुकताच शिंद्यांची चाकरी सोडून आलेला अधिकारी होता. सरसेनापती पेराँ त्याच महिन्यात इंग्रजांच्या आश्रयास गेला. ऑक्टोबरमध्ये कर्नल स्टीव्हन्सनने बुऱ्हाणपूर आणि पाठोपाठ असीरगड घेतला, तेव्हा शिंद्यांच्या फौजेतील काही युरोपीय अधिकारी त्याच्या स्वाधीन झाले. शिंद्यांनी उत्तम युद्धयंत्र विकत घेतले होते. ते चालवण्याची किल्ली मात्र त्यांच्या हाती नव्हती.

आजचे स्वरूप

आधुनिक काळातील सर्वांत ठळक उदाहरण स्वित्झर्लंडच्या क्रिप्टो एजी या कंपनीचे आहे. ही कंपनी गुप्त संदेशांसाठी संकेतलेखन यंत्रे विकत असे. शंभराहून अधिक देश तिचे ग्राहक होते आणि त्यांत भारत व पाकिस्तान दोघांचाही समावेश होता. स्वित्झर्लंड तटस्थ, म्हणून यंत्रही विश्वासाचे, असा हिशेब होता. प्रत्यक्षात १९७० पासून कंपनीची मालकी अमेरिकेच्या सीआयए आणि पश्चिम जर्मनीच्या बीएनडी या गुप्तचर संस्थांकडे होती, असे फेब्रुवारी २०२० मध्ये वृत्तपत्रीय तपासातून उघड झाले. यंत्रांतील संकेतपद्धती मुद्दाम कमकुवत ठेवलेली असल्याने अनेक देशांचे संदेश या संस्थांना वाचता येत होते.

१७ सप्टेंबर २०२४ रोजी लेबनॉनमध्ये हिजबुल्लाच्या सदस्यांकडील हजारो पेजर एकाच वेळी फुटले. तेथे पेजरमध्येच स्फोटके दडवलेली होती. पण मूळ दुबळेपणा तोच होता: बाहेरून आलेली वस्तू वाटेत कोणाच्या हातांतून गेली, हे घेणाऱ्याला कळले नाही.

प्रत्येक गुप्त मार्ग वाईट हेतूने ठेवलेला असतो असेही नाही. दूरवरून दुरुस्ती करण्यासाठी किंवा सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यासाठी उत्पादक अधिकृत प्रवेश राखून ठेवतो. मात्र तोच मार्ग उद्या त्या देशाच्या सरकारला किंवा एखाद्या घुसखोराला वापरता येतो. त्यामुळे मैत्रीचे संबंध हे पुरेसे संरक्षण ठरत नाही. एफ-३५ विमानाच्या निर्मितीत भागीदार असूनही ब्रिटनला २००६ मध्ये त्याच्या सॉफ्टवेअरवरील हक्कासाठी अमेरिकेशी झगडावे लागले होते.

शोध कठीण का?

सॉफ्टवेअरचा मूळ आराखडा म्हणजे सोर्स कोड. तो मिळाला की सारे कळले, असा समज असतो. तो अपुरा आहे. युनिक्स प्रणालीच्या जनकांपैकी एक असलेले केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिले, की सोर्स कोड पूर्ण निर्दोष असूनही त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर गुपचूप चोरदरवाजा घालू शकतो. चिपमध्येच फेरफार असेल, तर शोध आणखी अवघड होतो. शिवाय चोरदरवाजा नेहमी उघडा नसतो. ठरावीक संकेत मिळेपर्यंत तो निद्रिस्त राहतो आणि चाचणीत यंत्र चोख काम करते.

भारताची पावले

दूरसंचार क्षेत्रात केवळ विश्वासार्ह स्रोतांकडूनच उपकरणे घेण्याचा नियम १५ जून २०२१ पासून लागू आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली; संरक्षण, सुरक्षा व संशोधनासाठी मात्र परवानगीने सवलत ठेवण्यात आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्करासाठीच्या ४०० मालवाहू ड्रोनची कंत्राटे चिनी सुट्या भागांमुळे रद्द झाल्याचे वृत्त आले. हे ड्रोन पुरवणार होत्या त्या कंपन्या भारतीयच होत्या. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची हार्डवेअर, सॉफ्टवेअर व सोर्स कोडसह मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी आवश्यक झाली आहे.

रद्द झालेल्या कंत्राटांनी एक गोष्ट स्पष्ट केली: देशात जोडणी झाली म्हणून वस्तू आपली होत नाही. बाहेर स्वदेशी नाव आणि आत परकी चिप असेल, तर ती डोलीच ठरते.

गोव्यालाही हा विषय परका नाही. दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर रशियन बनावटीची मिग-२९के आणि अमेरिकी बनावटीची पी-८आय विमाने आहेत. परदेशी सामग्री म्हणजे चोरदरवाजा असलाच, असा निष्कर्ष काढणे चूक आहे. संशय हा पुरावा नव्हे. भारताची गरज पाहता आयात लगेच थांबणारही नाही. म्हणूनच खरेदी करारातील बारीक अटींना महत्त्व येते. सोर्स कोड तपासण्याचा आणि तो आपल्या यंत्रणेत नव्याने संकलित करण्याचा हक्क मिळतो का, प्रत्येक सुट्या भागाचा उगम कळवण्याचे बंधन आहे का, अद्ययावत सॉफ्टवेअर आपल्या चाचणीशिवाय यंत्रात शिरणार नाही याची हमी आहे का आणि संकेतलेखनाचा भाग स्वदेशी आहे का, हे प्रश्न किमतीइतकेच महत्त्वाचे आहेत. यांची उत्तरे सामग्री बंदरात उतरण्यापूर्वीच मिळवावी लागतात. सौदा पुरा झाल्यावर विक्रेत्याला ती देण्याची गरज उरत नाही.